बी विंगचा ग्रुप: धूड निघालं गुहागरला

शुक्रवार, रात्र

मंदार बी-३०२: नमस्कार मंडळी. महिनाभर खाली ताडपत्रीत जे उभं आहे तो आमचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं, तंबूसारखं उघडणारं झोपायचं घर. जुनाच घेतलाय, आम्ही दोघं आणि चिरंजीव झोपू एवढाच. पुढच्या शनिवारी पहाटे गुहागर. वाटेत काही बिघडलं तर हाताशी कोणती हत्यारं असावीत? ऑनलाइन १०८ नगांची पेटी दिसतेय. मागवू का?

सेक्रेटरी: ते धूड व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे, हे या निमित्ताने पुन्हा एकदा लक्षात आणून देतो.

मंदार बी-३०२: काका, शनिवारी जातंयच की.

सेक्रेटरी: परत येणार ना पण.

तन्मय बी-७०४: माझ्याकडे आहे तसली पेटी. १०८ पैकी निम्म्याहून जास्त स्क्रू ड्रायव्हरची टोकंच. चार वर्षांत एक पक्कड आणि एक टोक वापरलंय, बाकी सगळी अजून प्लास्टिकमध्ये झोपलीत.

अण्णा बी-१०१: मागवू नकोस. जेवतो आणि लिहितो.

गौरी बी-२०३: अण्णांचं जेवण म्हणजे आता अकरा वाजणार.

अण्णा बी-१०१: दहालाच आलो. ऐक. १०८ नगांत तुझ्या चाकाच्या नटाला बसणारा पाना असेलच असं नाही. डेपोत नवीन पोरगा आला की आम्ही त्याला भरलेली पेटी देत नव्हतो. गाडी उघडायला लावायचो. जो पाना लागला तो त्याच्या पेटीत. तूही तेच कर. परवा रविवारी खाली ये, एक चाक काढून परत लाव. हाताला जे लागेल ते पिशवीत भर. नाही लागलं ते घरी.

आता चाकाबद्दल. ट्रेलर बहुतेकदा तिथेच दगा देतो. आजकालच्या गाड्यांचं बेअरिंग सीलबंद असतं, आपण विसरून जातो. ट्रेलरचं साधं, ग्रीसवर जगणारं. अकरा महिने उभं राहायचं आणि मग एका दिवसात अडीचशेच्या वर किलोमीटर पळायचं, कसं जमणार? जायच्या आधी ग्रीस बदलून घे. पेणला चहाला थांबलास की आधी दोन्ही हबवर, म्हणजे चाकांच्या मधल्या भागावर, पंजा ठेवून बघ, चहा नंतर. कोमट असलं तर चालतंय. हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही, बेअरिंग गेलं किंवा ब्रेक धरतोय. एका चाकाचा बेअरिंगचा पूर्ण जोड बरोबर ठेव. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तो बघूनच घे. त्याबरोबर ऑइल सील, ग्रीसचा छोटा डबा, चारसहा कॉटर पिना. काढलेली कॉटर पिन वाकवून परत लावू नकोस, मोडते. हबचं टोपण काढायला हातोडी आणि जुनी छिन्नी.

तन्मय बी-७०४: अण्णा, ग्रीसऐवजी डब्ल्यूडी-४० चालेल ना? बाटली पडून आहे.

अण्णा बी-१०१: अजिबात नाही. उलट आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जाईल. ते ओल घालवायला आणि गंजलेला नट सैल करायला. नावातच आहे, पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०.

स्नेहल वहिनी बी-६०२: आणि तंबूचं कापड फाटलं तर? दाभण, जाड दोरा आणि कापडाचे चार तुकडे घ्या रे. मागच्या पावसाळ्यात आमच्या बाल्कनीची ताडपत्री मी दाभणानेच शिवली होती. ही पुरुषमंडळी टेप शोधत बसली होती.

मंदार बी-३०२: वहिनी, लिहून घेतलं.

अण्णा बी-१०१: वहिनी बरोबर. आता नटांचं. समोरासमोरचे आलटूनपालटून आवळायचे, एका बाजूने गोल फिरत नाही. आणि चाक काढून लावलं की ५०-१०० किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना लावायचा, नट बसतात आणि सैल होतात. माझ्या भाच्याचे नट एका गॅरेजवाल्याने हवेच्या गनने असे आवळले होते, की खेडच्या अलीकडे दोघं व्हील पान्यावर उभे राहिले तरी हलेनात. शेवटी एका ट्रकवाल्याने लोखंडी पाइप दिला, पान्याच्या दांड्यात घातला, पहिल्याच जोरात सुटले. म्हणून दीडदोन फूट पाइप ठेव. पण पाइप सोडायला. आवळायला पाइप नाही, नाहीतर बोल्टच तुटून हातात येईल.

सेक्रेटरी: उद्या शनिवारी टाकी साफ होणार. ९ ते १ पाणी नाही. कृपया नोंद घ्यावी.

गौरी बी-२०३: घेतली. लाइटचं मी सांगते. मंदारदादा, कारमागच्या सात पिनांच्या प्लगने ट्रेलरचे दिवे चालतात. कोकणात समुद्राची हवा, त्या पिनांवर हिरवी बुरशी धरते आणि अर्थिंग नीट मिळत नाही. मग डावा इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकायला लागतो. लोक बल्ब बदलत बसतात. आधी पॉलिश पेपरने पिना घासा. वायरीत वीज येते का ते दाखवणारा एक टेस्ट लँप ठेवा, १२ व्होल्टचा. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण भर उन्हात रस्त्यावर टेस्ट लँपच बरा. दोन बल्ब, थोडी वायर, काळी टेप, वायरच्या टोकाला दाबून बसवायचे लग. आणि फ्यूज जेवढ्याचा आहे तेवढ्याचाच. १० अँपिअरचा उडतो म्हणून २०चा घालायचा नाही, फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. चॉकलेटची चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

मंदार बी-३०२: आणि गॅस? पाच किलोचा सिलिंडर नेतोय.

गौरी बी-२०३: साबणाचं पाणी आणि ब्रश. जोडणीवर लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून बघू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, झोपायच्या जागेत तळाशी साचून राहतो. सिलिंडर बाहेरच. आणि पावडरचा छोटा अग्निशामक दाराजवळ, गाद्यांखाली नाही.

तन्मय बी-७०४: हे सगळं घ्यायचं कुठून?

अण्णा बी-१०१: मशीद बंदरला उतर, नागदेवी स्ट्रीट. पाने, पक्कड, जॅक, सगळं तिथे. सुटा पाना घे, टपारिया कंपनीचा घेतलास तरी मुलाच्या मुलाला पुरेल. गौरीच्या यादीसाठी लोहार चाळ, चालत जाण्यासारखं अंतर. उद्या शनिवारीच जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. चोर बाजारात हत्यार घेऊ नकोस. पाना दिसतो छान, पण तोंड फाकलेलं असलं की नटाचे कोपरे खातो.

अण्णा बी-१०१: एक राहिलं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जाणार असशील तर फेरीवर चढायच्या आधी ट्रेलरचं पुढचं छोटं चाक पूर्ण वर घे. धक्क्याच्या उतारावर ते टेकतं आणि वाकतं.

मंदार बी-३०२: अण्णा, फेरीचं डोक्यातच नव्हतं. चिपळूणवरूनच जातो.

रविवार, सकाळ

मंदार बी-३०२: अण्णा, तुमचे पाय धरायचे राहिलेत. निकाल ऐका मंडळी. गाडीतला व्हील पाना १९चा. ट्रेलरचे नट १७चे. गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही, भोकंच वेगळी. ट्रेलरची स्वतःची स्टेपनी आहे, पण ती ज्या बोल्टने खाली टांगलीय तो गंजून एकजीव झालाय. गाडीचा जॅक पूर्ण वर केला तरी ॲक्सलला पोचत नाही. म्हणजे तसेच निघालो असतो तर पहिल्या पंक्चरला कशेडीत बसून वडापाव खात राहिलो असतो.

तन्मय बी-७०४: स्टेपनीवरून आठवलं. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४च्या सुमारास तिथल्या दोन डेव्हिस भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली.

स्नेहल वहिनी बी-६०२: तन्मय, तू खाली जाऊन जॅक धर.

अण्णा बी-१०१: मी खालीच आहे. बॉटल जॅक आणि त्याखाली द्यायला जाड फळी लागेल, नाहीतर डांबर सोडून मातीत उभं राहिलं की जॅक खाली रुततो. स्प्रिंगचे पाटे ॲक्सलला जिथे बांधलेत तिथेच जॅक लावायचा. चाक काढताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवायचा, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचरी. टायरही बघितले. नक्षी अगदी कोरी, म्हणून मंदार खूश होता. बाजूला चार आकडे वाचले: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. बोटाने वाकवलं तर भेगा दिसतात. दोन्ही टायर आणि स्टेपनी बदल म्हटलं.

मंदार बी-३०२: ऑर्डर दिली. हत्यारांपेक्षा टायरलाच जास्त पैसे गेले. पिशवीत आता १७चा गोटी पाना, अण्णांचा पाइप, डोक्याला बांधायची बॅटरी, वहिनींचं दाभण, गौरीचा टेस्ट लँप, पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवेचा कॉम्प्रेसर. १०८ नगांची पेटी रद्द.

गौरी बी-२०३: साबणाचं पाणी?

मंदार बी-३०२: तेही.

सेक्रेटरी: मंदार, तो कॉम्प्रेसर सायकलला चालतो का? नातवाच्या मागच्या चाकात हवा नाही.

मंदार बी-३०२: चालतो काका, घेऊन या. व्हिजिटर पार्किंगमध्येच आहे मी.