ऑपेरा ऐकायला सुरुवात कशी करावी?

गिरगावकर: कान नाट्यसंगीतावर पोसलेला. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पडद्यावर दाखवतात ते ऑपेरा बघायचे आहेत, पण भाषा कळत नाही आणि बायकांचे आवाज किंचाळल्यासारखे वाटतात. तयारी काय करू?

तानपुरा: कथा अंकागणिक वाचून जा. शेवट कळला म्हणून बिघडत नाही. शाकुंतलाचा शेवट कुणाला ठाऊक नसतो? रेसिटेटिव्ह म्हणजे बोलल्यासारखं गाणं, त्यात गोष्ट पुढे सरकते. आरियात ती थांबते आणि पात्राचं मन उघडतं, आपल्या पदासारखं. फक्त तिथे बढत शोधू नका, स्वर बहुतेक लिहिलेले असतात.

आवाजाचं म्हणाल तर नाट्यगृहात माइक नसतो. अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो. ३००० हर्ट्झच्या आसपास वाद्यवृंदाचा जोर कमी पडतो, गायक, विशेषतः पुरुष, नेमका तिथे आवाज धारदार करतात. बायका उंच पट्टीतच गातात, म्हणून त्यांचा आवाज वाद्यांवर तरंगतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे सगळं टोचतं. चांगले हेडफोन लावा.

चर्नीरोड: इटालियन संगीतकार वेर्दीच्या 'रिगोलेत्तो'तली (१८५१) तिसऱ्या अंकातली चौकडी, म्हणजे चौघांचं एकत्र गाणं, घ्या. चार वेळा ऐका, दर वेळी एकच आवाज धरून. ड्यूकची लांब, आर्जवी ओळ. तो जिला पटवतोय त्या माद्दालेनाचं तुटक हसू. बाहेरून हे बघणाऱ्या, ड्यूकवर प्रेम करणाऱ्या जिल्डाचे हुंदके. खालच्या स्वरात तिच्या बापाची, रिगोलेत्तोची, सूडाची गुरगुर. चौघं एकदम गातात, तरी चौघांची मनं वेगळी ऐकू येतात! एकल गायकीवर वाढलेल्या कानाला हेच नवं असतं.

तानपुरा: अगदी. आणि जर्मन संगीतकार वाग्नर एवढ्यात नको, फार लांबतो.