‘टर्मचे दर उतरतायत, थांबा’ हा सल्ला धोक्याचा आहे

हिशेबी
काल ‘सबुरी’ यांनी लिहिलं की टर्म प्लॅन (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्यायची घाई करू नका, स्पर्धा वाढलीय, दोन-तीन वर्षं थांबलात तर हेच कव्हर स्वस्तात पडेल. खाली धन्यवादांची रांग लागली आणि एकानं तर भरलेला फॉर्म मागे घेतल्याचं सांगितलं. ते वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

बाजारातला दर वेगळा आणि तुम्हाला लागणारा दर वेगळा. पहिला उतरू शकतो, हे कबूल. अमेरिकेत नव्वदच्या दशकात इंटरनेटवर दर ताडून बघता यायला लागले, त्यामुळे टर्मचे दर 8 ते 15 टक्क्यांनी उतरले, असं ब्राउन आणि गूल्सबी या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली मांडलं. आता दुसरी बाजू बघा. मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीपटीनं वाढतो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्झनं 1825 मध्येच दाखवून दिलंय. मोठ्या माणसांत तो साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे वर्षाला 9 टक्क्यांच्या आसपास. इंटरनेटनं जे स्वस्त केलं ते दोन वाढदिवसांत खलास.

आणि मुख्य मुद्दा तर कुणी बोलतच नाही. प्रीमियम कायम राहणारी पॉलिसी घेतली तर कंपनी अडकते, तुम्ही नाही. उद्या खरंच स्वस्त मिळाली तर नवी घ्या, ती हातात आल्यावर जुनीचे हप्ते थांबवा. पण थांबलात आणि मधल्या काळात रक्तात साखर निघाली, तर मागचा दर कुणी देत नाही. लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागतं, नाहीतर सरळ नकार येतो.

सबुरी
माझं अर्धंच वाक्य उचललंत. ज्यांच्यावर कुणी अवलंबून नाही अशा विशीतल्या मुलांना मी थांबा म्हटलं होतं. विशीत मृत्यूचा दर जवळपास सपाट असतो, तुमचा गॉम्पर्ट्झ तिशीच्या आसपास लागू व्हायला लागतो.

शिवाय 9 टक्के हे जोखमीच्या भागाचं गणित झालं. प्रीमियममध्ये मेडिकलचा खर्च असतो, ऑफिसखर्च असतो. तो वाढदिवसाला वाढत नाही. 9 टक्के प्रीमियम वाढतो असं लोकांच्या मनावर ठसवणं म्हणजे एजंटचीच भाषा झाली.

हिशेबी
मी एजंट नाही, कधी नव्हतो. खर्चाच्या भागाचं म्हणणं बरोबर आहे, वाढ 9 पेक्षा कमी भरेल. विशीचंही धरा. पण काल धन्यवाद देणाऱ्यांत दोन मुलांचे बाप आहेत, त्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. त्यांना तुम्ही तिथे ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं एका शब्दानं सांगितलं नाहीत.

पानगळ
दोघांनाही विचारते. एकच माणूस, एकच वय, एकच कव्हर, तरी दोन कंपन्यांच्या दरात एवढी तफावत का? मला हे लुबाडणंच वाटतं. मृत्यूचे तक्ते तर सगळ्यांकडे सारखेच असणार ना?

तक्तेवाला
तक्ते सारखे नसतात, ताई. प्रत्येक कंपनी आपल्याच ग्राहकांचा अनुभव मूळ तक्त्यावर चढवते. वर पुनर्विमा कंपनीशी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीशी, झालेला करार असतो. मोठ्या जोखमीचा बराच भाग पुढे तिच्याकडेच जातो, त्यामुळे तिनं दर वाढवला की तुमचाही वाढतो. कोविडनंतर काही देशांत टर्म महागली ती यामुळेच. म्हणून दर खालीच जाणार असं गृहीत धरू नका, हे ‘सबुरी’ यांनाही सांगणं आहे.

लॅप्सचा अंदाजही दरात असतो. बरेच लोक मुदत संपायच्या आधीच हप्ते थांबवतात. किती जण सोडतील याचा प्रत्येक कंपनीचा आडाखा वेगळा.

अर्जदारांची तब्येत पारखायची गाळणीही वेगळी असते. गोळी घेऊन ताब्यात असलेला रक्तदाब एकीकडे साध्या दरात बसतो, तर दुसरीकडे त्यावर लोडिंग पडतं. ज्या कंपनीत मित्राला सगळ्यात स्वस्त मिळालं, तिथेच तुम्हाला सगळ्यात महाग पडू शकतं. अजून एक म्हणजे काही कंपन्या जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात. तिथे वाढदिवसाला सहा महिने उरले की तुम्ही कागदावर एका वर्षानं मोठे होता.

पानगळ
सहा महिने आधीच? हे मला कोणत्याच एजंटनं सांगितलं नाही. आणि बाईमाणूस म्हणून दर कमी असतो तोही सगळीकडे नाही म्हणे.

तक्तेवाला
युरोपीय संघात नाही. तिथल्या न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर 21 डिसेंबर 2012 पासून नव्या पॉलिसींना स्त्री-पुरुष दर एकच करावा लागला. बायका जास्त जगतात, त्यामुळे टर्ममध्ये त्यांचा तोटाच झाला.

धूरमुक्त
तुमचे तक्ते राहू द्या, खरी लूट सिगारेटच्या रकान्यात आहे. मी सिगारेट सोडली ती निकोटीनच्या पट्ट्या लावून. फॉर्मवर प्रश्न होता: ‘गेल्या 12 महिन्यांत तंबाखू किंवा निकोटीन कोणत्याही स्वरूपात घेतलं आहे का?’ मी खरं लिहिलं, पट्ट्या लावतो म्हणून. लघवीच्या तपासणीत कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) निघालं, दर लागला स्मोकरचा. जवळजवळ दुप्पट! डॉक्टरनं दिलेली पट्टी आणि रोजची पाकिटं यात फरकच नाही का? जो सोडायला धडपडतोय त्यालाच दंड.

सरळसोट
दंड कसला? तपासणीत निकोटीन दिसतं, ते पट्टीतून आलं की सिगारेटमधून हे त्यातून कळत नाही. सोडणाऱ्यांतले बरेच जण पुन्हा सुरू करतात. कंपनीनं काय तुमच्या शब्दावर कव्हर द्यायचं?

धूरमुक्त
हो, द्यायचं! बाकी सगळा फॉर्म शब्दावरच चालतो. वडिलांना हृदयविकार होता का, हे कुणी तपासायला येतं का? आयुष्यात व्यसन न सोडलेल्या माणसानं हे शिकवू नये.

सरळसोट
माझ्या घरातलं सांगतो, मग बोला. माझा मेहुणा ‘अधूनमधून’ ओढायचा. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, कारण एजंटनं सांगितलं की कोटिनीन थोड्या दिवसांत उतरतं, तपासणीआधी आठवडाभर बंद ठेवा. तपासणी स्वच्छ आली. तो अचानक गेला, आणि दवाखान्याच्या जुन्या केस पेपरवर डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं निघालं: धूम्रपान, दहा वर्षं. क्लेम अडकला. बहीण दोन लहान मुलं घेऊन त्या कागदाच्या झेरॉक्स वाटत फिरली. शेवटी भरलेले हप्तेच तेवढे परत मिळाले. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून तुम्हाला जास्त पडलं, पण तुमच्या घरचे सुरक्षित आहेत. त्याला लूट म्हणू नका.

धूरमुक्त
तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण खोटं लिहायला लावणारा एजंट मोकळा सुटतो आणि खरं लिहिणारा दुप्पट भरतो, यात न्याय कुठे आहे?

तक्तेवाला
एजंटवर कारवाई व्हायलाच हवी, यात दुमत नाही. पण ‘धूरमुक्त’, तुमचा दर कायमचा असेलच असं नाही. निकोटीन पूर्ण बंद होऊन 12 महिने झाले की दर पुन्हा ठरवा अशी लेखी मागणी करा. काही कंपन्या नव्यानं तपासणी करून नॉन-स्मोकर दर लावतात. त्या आपणहून कळवत नाहीत, अर्ज तुम्हीच करायचा. दरम्यान पॉलिसी बंद पडू देऊ नका.

धूरमुक्त
हे मात्र माहीत नव्हतं. अर्ज करतो. लूट हा शब्द तरीही मागे घेत नाही.

सबुरी
विषय सिगारेटवर गेला, पण माझा प्रश्न राहिला. ‘कंपनी अडकते’ असं ‘हिशेबी’ म्हणाले. सगळीकडे अडकत नाही. काही देशांत प्रीमियमचा फेरआढावा घेणाऱ्या पॉलिसी विकल्या जातात, ठराविक वर्षांनी दर वाढवता येतो. दर नुसता ‘सध्याचा’ आहे की पूर्ण मुदतीसाठी हमी दिलेला, हे न वाचता लवकर घेणारा फसतोच. आणि दहा किंवा वीस वर्षं कायम दर असलेली पॉलिसी पुढे चालू ठेवायची सोय असते, तिथे हमीची वर्षं संपली की दर कितीतरी पटींनी उसळतो. तेही सांगा.

हिशेबी
सांगतो. हमीची वर्षं संपली की धडधाकट माणसं नव्यानं तपासणी देऊन दुसरीकडे जातात. मागे आजारी उरतात, ज्यांना दुसरं कुणी घेणार नाही. कंपनी ते आधीच धरून चालते, म्हणून दर उसळतो. यावर उपाय एवढाच की मुदत पहिल्यांदाच पुरेशी घ्या, मुलं कमावती होईपर्यंत आणि कर्ज फिटेपर्यंतची. आणि ‘हमी’ हा शब्द पॉलिसीच्या कागदावर शोधा, जाहिरातीत नाही. इथे तुमचं माझं एकमत आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

सबुरी
एकमत तेवढ्यापुरतंच. पंचविशीतल्या एकट्या मुलाला मी आजही घाई करू नको असंच सांगेन. दोन मुलांच्या बापांनी मात्र थांबू नये, हे माझ्या कालच्या पोस्टखाली जोडतो.

फॉर्म_मागे_घेतलेला
तो मीच. मुलगी चार वर्षांची आहे. फॉर्म पुन्हा भरतोय. पूर्ण कव्हर आत्ता झेपणार नाही, निम्मं आत्ता आणि निम्मं पगारवाढीनंतर, असं चालेल?

तक्तेवाला
चालेल. पण दोन छोट्या पॉलिसी एका मोठीपेक्षा थोड्या महाग पडतात, कारण मोठ्या रकमेला दर हजार रुपयांच्या कव्हरमागचा दर कमी असतो. त्यामुळे मुदत जरा कमी करून पूर्ण रक्कम झेपते का, ते आधी बघा. नाहीच झेपली तर निम्मी घ्या, आणि दुसऱ्या वेळी फॉर्ममध्ये पहिली पॉलिसी कंपनीचं नाव आणि रकमेसकट लिहा. तो रकाना कोरा सोडू नका. तुमचा वाढदिवस कधी आहे?

फॉर्म_मागे_घेतलेला
सात महिन्यांनी.

तक्तेवाला
मग आजच फोन करून विचारा, वय गेल्या वाढदिवसाचं धरतात की जवळच्या. जवळच्याचं असेल तर महिन्याभरात प्रपोजल नोंदवून घ्या.