आईने ब्रेन ट्रेनिंग तिसऱ्या आठवड्यात सोडलं. पुन्हा बसवू की नको? (मदत हवी आहे)

आई ७४ वर्षांची. नावं पटकन आठवत नाहीत, खोलीत गेल्यावर "मी इथे कशाला आले?" असं होतं, एवढीच तक्रार. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्मृतिभ्रंश वगैरे काही नाही. तरी मीच घाबरून तिच्या टॅबवर एक ब्रेन ट्रेनिंगचं अ‍ॅप टाकून दिलं. रोज २० मिनिटं, असं ठरलं.

पहिले दोन आठवडे विचारू नका. रात्री फोन करून स्कोअर सांगायची. तिसऱ्या आठवड्यात आधी "आज डोळे चुरचुरत होते", मग "चार्जिंग नव्हतं", मग विषयच बंद. अ‍ॅपचा अहवाल माझ्या मेलवर येतो (ते सेटिंग मीच केलं, तिला न सांगता. घाला शिव्या). त्यात शून्य दिसलं की माझा लगेच फोन, "आज झालं का?" एकदा ती म्हणाली, "तुझा गृहपाठ मी असा कधी तपासला नव्हता."

गेल्या रविवारी शेजारी बसून बघितलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बरोबर उत्तरं आली की खेळ आपोआप अवघड होतो, म्हणजे चुका कायम होत राहणारच. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पातळी ३ वरून ९ वर गेली होती आणि ही मोजत होती फक्त चुका. तिची समजूत अशी की आपण दिवसेंदिवस मागे पडतोय. वेगाच्या खेळात तर आणखी मजा. बोट बरोबर जागी पडतं, पण बोटं कोरडी असल्यामुळे स्क्रीन दाद देत नाही, वेळ संपते, लाल फुली येते. मेंदू पास, बोट नापास.

आणि हीच बाई पेपरातलं शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय जागची हलत नाही!

थोडं वाचन केलं. फिनलंडच्या 'फिंगर' नावाच्या अभ्यासात (ज्येष्ठांची बुद्धी टिकवता येते का ते बघणारा, १,२६० लोक, निष्कर्ष २०१५ साली) आहार, व्यायाम यांच्या जोडीला संगणकावरचं प्रशिक्षणही होतं. ते ज्यांना दिलं त्यांतल्या ६३ टक्के लोकांनी सुरुवात केली, निम्मी सत्रं गाठली २० टक्क्यांनी, पूर्ण केली १२ टक्क्यांनी. ज्यांना आधीपासून संगणकाची सवय होती ते जास्त टिकले. वाचून बरं वाटलं, आई काही जगावेगळं करत नाहीये.

तुमच्या घरच्या ज्येष्ठांना यात कसं टिकवलंत? वेगाचे खेळ गाळले तर चालतील का? की सरळ शब्दकोड्यावर सोडून देऊ?

ओटी_ताई: मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रोजची कामं नीट जमावीत म्हणून उपचार करणारी). आधी रोजचा हट्ट सोडा. २०१४ साली ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. एकूण फायदा लहानच दिसला, पण कुठे दिसला ते बघा: गटात, शिकवणारं कोणी असताना. घरी एकट्याने केलं तिथे नाही. आठवड्यात ३ पेक्षा जास्त वेळा केलं तिथेही नाही, आणि ३० मिनिटांपेक्षा छोट्या सत्रांनीही नाही. तुमचं वेळापत्रक नेमकं उलटं आहे. दोन किंवा तीन दिवस, जरा जास्त वेळ, मध्ये उठून फेरी मारायची, आणि बरोबर माणूस हवा. बोटांसाठी टचस्क्रीनचा पेन घ्या. टॅब लांब ठेवून बघत असतील तर ते अंतर वाचायच्या चष्म्यात बसत नसेल, तेही तपासून घ्या. डोळे चुरचुरणं बहाणाच असेल असं नाही.

खडूस: २०१६ साली लुमोसिटी या ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅपच्या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला (ग्राहकांची फसवणूक रोखणारा सरकारी आयोग) २० लाख डॉलर भरले, फसव्या जाहिरातींबद्दल. खेळात तरबेज झालात की खेळात तरबेज होता, त्यापुढचं सिद्ध करणं अवघड. काकूंना कोडं सोडवू द्या.

ओटी_ताई: @खडूस, अर्धं मान्य. अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या अभ्यासात २,८०० च्या वर ज्येष्ठ होते, तासाभराची १० सत्रं, छोट्या गटात. तर्क आणि वेग यांचं प्रशिक्षण घेतलेल्यांची त्या-त्या कौशल्यातली आघाडी १० वर्षांनीही दिसली. स्मरणशक्तीच्या गटाची नाही. त्यामुळे वेगाचे खेळ सरसकट काढू नका, आधी पेन देऊन बघा.

खडूस: आणि २०२२ च्या अभ्यासाचं काय? १०७ लोक, ७८ आठवडे, संगणकावरची शब्दकोडी विरुद्ध ब्रेन ट्रेनिंगचे खेळ. शब्दकोडी जिंकली.

ओटी_ताई: हो, पण ते सगळे सौम्य बोधात्मक दुर्बलता (विसरणं वयाच्या मानाने जास्त, पण स्मृतिभ्रंश नाही) असलेले लोक होते. धागाकर्त्यांच्या आईंचं तसं निदान नाही. कोडं बंद करा असं मी तरी म्हणणार नाही.

सत्तरीपार: मी स्वतः ७१. दीड वर्ष करतोय, म्हणून सांगतो. मुलाने "बाबा, मेंदूसाठी चांगलं आहे" म्हटलं की माझा मूड जातो. त्याचा अर्थ मला "तुमचा मेंदू बिघडतोय" असा ऐकू येतो. मी टिकलो, कारण आम्ही चौघं मित्र एका वेळी बसतो आणि एकमेकांची टर उडवतो. एक जण दोनदा सोडून गेला, परत आला. कोणी "का नाही आलास" विचारलं नाही. आणि तो मेलवरचा अहवाल आईंना सांगून बंद करा. गुपचूप बंद कराल तर कधीतरी कळेलच.

धागाकर्ता (१२ दिवसांनी): सगळ्यांचे आभार. अहवालाचं कबूल केलं. दोन दिवस अबोला, मग विषय संपला. पातळीचा आलेख दाखवला तर म्हणाली, "मग हे आधी का नाही बोललास?" पेन आणला, लाल फुल्या बऱ्याच कमी झाल्या. मंगळवार-शुक्रवार मी तिच्याकडे जातो, दोघं आळीपाळीने खेळतो. शब्दकोडं पूर्वीसारखंच चालू. गेल्या शुक्रवारी मात्र तिला कंटाळा आला, नुसत्या गप्पा मारल्या.

आता एक तांत्रिक प्रश्न: एकाच टॅबवर दोघांची वेगळी खाती ठेवता येतात का? परवा मी तिच्या खात्यातून खेळलो आणि पातळी ११ वरून ८ वर आली. ती भयंकर चिडली आहे.