मदत हवी आहे: प्रौढ वयात अरुंद वरचा जबडा, शस्त्रक्रिया टाळता येईल का?

देवगडचा_बागायतदार
माझा वरचा जबडा अरुंद आहे. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणतात की टाळूला स्क्रू बसवून तो रुंद करता येईल. कोल्हापूरचे डॉक्टर शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नाही असे सांगतात. दोघांच्या खर्चात मोठी तफावत आहे आणि आंब्याची तोड सुरू झाली की मला सवड मिळणार नाही. कोणाचे ऐकावे, एवढेच कृपया सांगावे.

खाडीकाठ
आपले वय किती? दाढा एका बाजूला उलट्या (वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत) बसतात की दोन्ही बाजूंना? सी.बी.सी.टी. स्कॅन (जबड्याच्या हाडांचा त्रिमितीय एक्स-रे) झाला आहे का? आणि स्क्रू दाढांना अडकवायचा आहे की हाडात बसवायचा आहे? यांपैकी काहीच न सांगितल्यामुळे उत्तर देणे अवघड आहे.

वेंगुर्ल्याची_आई
दादा, घाबरू नका. माझी मुलगी शाळेत असताना नुसत्या स्क्रूने तिचा जबडा व्यवस्थित रुंद झाला. किल्ली मी स्वतः घरी फिरवत असे.

खाडीकाठ
ताई, मुलांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. टाळूच्या मधोमध असलेला हाडांचा सांधा वाढत्या वयात मोकळा असतो, पुढे तो हळूहळू जुळत जातो. जुळलेल्या सांध्यावर दाढांना अडकवलेल्या स्क्रूने जोर दिला, तर हाड सरकण्याऐवजी दाढा बाहेर कलतात आणि हिरड्या दातांवरून मागे सरकण्याचा धोका राहतो.

देवगडचा_बागायतदार
वय ३४. दोन्ही बाजूंच्या दाढा उलट्या बसतात. रत्नागिरीत टाळूच्या हाडात चार बारीक स्क्रू बसवणार आहेत. स्कॅनच्या अहवालात सांधा मागच्या भागात जुळलेला असून पुढच्या भागात रेषा दिसते, असे लिहिले आहे.

सागरतीर
मग हाडातील स्क्रूचाच मार्ग धरावा. माझ्या भावाला त्याने गुण आला. पूर्ण भूल देऊन हाड कापून घेण्याची घाई कशाला?

चिपळूणचा_रहिवासी
भावाला गुण आला याचा आनंद आहे, परंतु त्याचा सांधा कितपत जुळला होता, हे आपण सांगितलेले नाही. वय वाढते तसा या पद्धतीत सांधा न उघडण्याचा संभव वाढतो. माझ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचे हाड व मधला सांधा सैल करतात, मग साधारण ५ ते ७ दिवस थांबून रुंदी वाढवणाऱ्या उपकरणाचा स्क्रू फिरवायला सुरुवात करतात आणि दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदी मिळते. समोरच्या दोन दातांमध्ये फट पडलेली आरशात दिसली, तेव्हा मी धास्तावलो. पण सांधा उघडल्याची खूण तीच, आणि ती फट नंतर ब्रेसेसने मिटवली. नवे हाड भरेपर्यंत उपकरण काही महिने तोंडातच ठेवावे लागते.

मालवणचा_वाचक
बागायतदार, आपण रात्री घोरता का? जबडा रुंद केल्याने घोरणे कायमचे बंद होते, असे ऐकले आहे.

खाडीकाठ
काहींना नाकाने श्वास घेणे सोपे जाते, पण घोरणे थांबेल याची खात्री कोणी देऊ नये. शिवाय त्यांनी ते विचारलेलेही नाही. बागायतदार, खालचा जबडा पुढे आलेला आहे का? तसे असेल तर रुंदी आणि पुढे-मागे बसणे हे दोन्ही दोष एकाच शस्त्रक्रियेत, वरचा जबडा तुकड्यांत कापून पुन्हा बसवून, सुधारण्याचा विचार कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या मनात असू शकतो. म्हणजे दोघांचे मत परस्परविरोधी असेलच असे नाही.

देवगडचा_बागायतदार
थोडा पुढे आहे. त्याचे लिहायचे राहून गेले. मग आता करावे तरी काय?

चिपळूणचा_रहिवासी
स्कॅन घेऊन बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जावे. तेथे दात सरळ करणाऱ्यांचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा असे दोन्ही विभाग आहेत. हाडातील स्क्रूने सांधा उघडला नाही तर पुढे काय, हे रत्नागिरीतही स्पष्ट विचारावे. आणि तोडीच्या हंगामात कोणताही उपचार सुरू करू नये, कारण स्क्रू फिरवण्याच्या काळात तपासणीला वरचेवर जावे लागते.

देवगडचा_बागायतदार
पावसाळ्यात शस्त्रक्रिया केली तर भात लावणीपर्यंत शेतात उतरता येईल का?