रोजच्या कॉफीसाठी गॅसवरचं टिकाऊ भांडं कुठलं घ्यावं? (हवा खारी, पाणी मचूळ)

उभादांडा
नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ल्यात राहते, समुद्र घरापासून अगदी जवळ, रात्री लाटांचा आवाज येतो इतका. पुण्याला होतो तेव्हा कॉफीचं इलेक्ट्रिक मशीन वापरायचो, ते इकडे आणलं आणि पहिल्याच पावसाळ्यात गेलं, व्होल्टेज सारखं वरखाली होतं आणि दुरुस्त करणारा जवळपास कोणी नाही. म्हणून आता ठरवलंय की गॅसवर चालणारंच काहीतरी घ्यायचं, वायर नको मोटर नको, लाइट गेली तरी सकाळची कॉफी झाली पाहिजे.

आम्ही दोघं रोज पिणारे, दूध घालून पण चांगली कडक लागते. सासूबाई कधीतरी घेतात, त्यांना जायफळ घातलेली आवडते. ऑनलाइन मोका पॉट बघतेय (खाली पाणी, मधल्या चाळणीत पावडर आणि वर तयार कॉफी जमते ते तीन भागांचं भांडं), अॅल्युमिनियमचे स्वस्त आहेत आणि स्टीलचे बऱ्यापैकी महाग. माझी खरी काळजी अशी की इथे कात्री, बिजागरं, गॅसच्या शेगडीचे स्क्रू, काही म्हणता काही टिकत नाही, सगळ्याला तांबेरा धरतो. शिवाय विहिरीचं पाणी उन्हाळा लागला की मचूळ होतं. तर रोज वापरून वर्षानुवर्षं टिकेल असं काय घ्यावं? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीच सांगा प्लीज, मुंबई-पुण्याचे रिव्ह्यू वाचून झालेत, त्यात खाऱ्या हवेबद्दल कोणी बोलतच नाही.

खाडीपलीकडे
ताई स्टीलच घ्या, दुसरा विचार करू नका. आमचा मालवणात छोटा होमस्टे आहे, पाहुणे येतात त्यातले बरेच जण कॉफीवाले, त्यामुळे आमच्याकडे अॅल्युमिनियमचा पण आहे आणि स्टीलचा पण.

अॅल्युमिनियमवर मुळात एक पातळ थर आपोआप तयार होतो, तोच त्याला सांभाळतो, पण मिठाचा अंश असलेलं पाणी त्यात उभं राहिलं की तो थर जागोजागी फुटतो आणि तिथे खड्डे पडायला लागतात. आमच्याकडच्या भांड्याचा खालचा भाग उघडून आत बोट फिरवलं ना तर पाण्याची पातळी असते बरोबर त्या रेघेवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे लागतात, खड्ड्याच्या तोंडाशी पांढरी पूड आणि आत काळा ठिपका. पूड पुसली जाते, खड्डा राहतो आणि हळूहळू खोल होतो. विहिरीचं पाणी वापरलं आणि रात्रभर तसंच राहिलं की हे होणारच.

स्टील घेताना 304 ग्रेड (सहज न गंजणारं, चांगल्या प्रतीचं स्टील) लिहिलंय का ते बघा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्याच्यावर जाऊ नका, कारण 304 ला पण चुंबक फारसं चिकटत नाही आणि हलक्या प्रतीच्या 202 ला पण नाही, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. इंडक्शनवर चालणाऱ्याच्या बुडाला मात्र चिकटणार, तिथे मुद्दाम चुंबकाला धरणारं स्टील लावलेलं असतं, त्याचा अर्थ माल खराब असा नाही. आणि इंडक्शनवर कधी ठेवायची वेळ येणार असेल तर अॅल्युमिनियम तसंही बाद, ते तापतच नाही त्याच्यावर.

केळशीकर
मी थोडा वेगळा विचार मांडतो. अॅल्युमिनियमला उगाच बदनाम करू नये. मुळात हे भांडं इटलीत 1933 साली आलं ते अॅल्युमिनियममध्येच, अल्फोन्सो बियालेटीने आणलं, तोच आठ पैलूंचा आकार आजही तसाच विकला जातोय. घरोघरी रोज वापरून लोकांनी वर्षानुवर्षं चालवलंय ते. माझ्याकडे तेच आहे, दापोली तालुक्यात, किनाऱ्यालाच घर.

टिकण्याचं गणित एकच, कोरडं ठेवायचं. कॉफी ओतून झाली, भांडं हाताला सोसेल इतकं गार झालं की तिन्ही भाग सुटे करायचे, चोथा माडाच्या आळ्यात, साध्या पाण्याने धुवायचं, फडक्याने पुसायचं आणि सुटंच पालथं ठेवायचं. घट्ट फिरवून फडताळात ठेवलं की आत ओल कोंडते, पावसाळ्यात तर दोन दिवसांत वास येतो. आणि आपल्याकडे तांब्या-पितळेला आमसूल नाहीतर चिंच लावायची सवय असते, ती याला लावायची नाही, धुण्याचा सोडा तर अजिबात नाही, अॅल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. नवीन आणल्यावर पहिल्या दोन-तीन कॉफ्या करून ओतून द्यायच्या, मग प्यायला घ्यायची.

वायर नको हे मात्र शंभर टक्के बरोबर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे किती दिवस लाइट नव्हती, विजेवरचं सगळं पडून होतं, गॅसवरची कॉफी चालू होती. त्या दिवसांत सकाळी गरम काहीतरी हातात येणं किती मोठं होतं ते ज्यांनी काढलेत ते दिवस त्यांनाच माहीत.

खाडीपलीकडे
केळशीकर दादा तुमचं पटतं, पण तुम्ही रोज तिन्ही भाग पुसून ठेवता, प्रत्येक घरात सकाळी तेवढी सवड नसते. ताई रोजच्या वापरासाठी विचारतायत, डबे भरायचे असतात, पाणी भरायचं असतं, त्या घाईत भांडं ओलं राहणारच. एखाद दिवशी ओलं राहिलं तरी चालणारं भांडं हवं, म्हणून स्टील. स्टीललाही मचूळ पाण्याने डाग पडतात हे खरं, पण डाग निघतो. तरी कॉफीला पाणी प्यायचंच घ्या, विहिरीचं नको, चवीलाही फरक पडतो.

कुडाळची_काकू
गो बाय, मोका बिका सगळा ठीक आसा, पण स्टीलचो साधो फिल्टर कोणी कसो सांगूक नाय? माझं अर्धं माहेर कारवारकडचं त्यामुळे आमच्याकडे पहिल्यापासून तोच. दोन डबे एकावर एक, वरच्याला बारीक भोकं, त्यात पावडर, वर ती दांड्याची चकती हलकी दाबायची, उकळून किंचित निवलेलं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून आपल्या कामाला लागायचं. पंधरा-वीस मिनिटांत खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, तयार. रात्री घालून ठेवलं तर सकाळी फक्त दूध तापवायचं. त्यात रबर नाही, व्हॉल्व्ह नाही, आटे नाहीत, बिघडणार काय? भोकं तुंबली तर रिकामा डबा गॅसवर जरा तापवायचा नाहीतर टाचणीने मोकळी करायची.

पितळेचे दिसायला सुंदर असतात, मला फार आवडतात, पण आत कल्हई असलेलाच घ्यावा लागतो आणि कल्हईवाला आता दारावर येतो कुठे. शिवाय खाऱ्या हवेत पितळ सारखं कळकतं. रोजच्याला स्टील.

आणि गणपतीत घर भरतं तेव्हा मोका पॉटवर किती वेळा करत बसणार? मोठा फिल्टर एकदा घातला की दहा-बारा माणसांचं होतं. सासूबाईंची जायफळाची कॉफी पण याच्यात छान होते, जायफळ मात्र दुधात किसायचं, पावडरीत घातलं तर त्याचा तेलकट चोथा भोकांत बसतो.

उभादांडा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काकू, तुमचा फिल्टर गणपतीसाठी नक्की घेणार. पण रोज सकाळी आम्हाला ताजी आणि पटकन हवी असते, रात्री घालून ठेवायचं लक्षात राहत नाही, म्हणून रोजच्यासाठी स्टीलचा मोका जवळजवळ ठरलाय. आता तीन शंका. एक, 3 कप घेऊ की 6 कप? मला वाटतं मोठाच घ्यावा, कमी हवी तेव्हा अर्धा भरायचा. दुसरं, आमच्या शेगडीच्या बर्नरचे पाय लांब लांब आहेत, छोटं भांडं मधे पडेल अशी भीती वाटते. आणि पावडर कुठली, इकडे दुकानात चिकोरीवालीच (भाजलेल्या चिकोरीच्या मुळाची पूड मिसळलेली) मिळते.

खाडीपलीकडे
अर्धा भरायचा विचार सोडा. मोका पॉट पूर्ण क्षमतेनेच चालतो, खालच्या भागात वाफ कोंडून तिच्या दाबाने पाणी नळीतून वर ढकललं जातं, त्यात पाणी कमी आणि पावडर अर्धी असली की पाणी पावडरीच्या कडेने निसटतं आणि कॉफी पाणचट, वर करपट. त्याचे कप इटालियन मापाचे असतात, एक कप म्हणजे साधारण 50 मिली. म्हणजे 3 कपाच्यात दीडशे मिलीच्या आसपास कडक कॉफी, दूध घातलं की तुम्हा दोघांना भरपूर. 6 कपाचा चार माणसांचा. दोघंच रोजचे असाल तर 3.

बर्नरसाठी भांड्यांच्या दुकानात लोखंडी जाळी मिळते गॅसवर ठेवायची, ती घ्या, आणि नेहमी लहान बर्नर. आच बुडाच्या बाहेर आली की दांडा करपतो आणि रबर कडक होतं.

पावडर चिकोरीवाली असेल तर पाकिटावर प्रमाण वाचा. कायद्याने कॉफी-चिकोरी मिक्समध्ये कॉफी निदान 51 टक्के असावी लागते, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि तेवढी चिकोरी मोकामध्ये चिकट होऊन चाळणी तुंबवते. चिकमंगळूर किंवा कूर्गची निव्वळ कॉफी मागवा, दळण रव्यापेक्षा बारीक पण मैद्यासारखं नाही असं सांगा. 3 कपाच्या चाळणीत 15-16 ग्रॅम बसते, सपाट करायची, दाबायची नाही. पाणी आधी गरम करून घातलं तर पावडर भाजत नाही, फक्त खालचा भाग फडक्याने धरून फिरवा. पाणी खालच्या भागाला जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह असतो त्याच्या खालीच. फेसाची अपेक्षा ठेवू नका, एस्प्रेसो मशीन 9 बार (बार हे दाबाचं माप) दाबावर काढतं, हे एक-दोन बारवर. फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच गॅस बंद करा, त्याच्यापुढे येतं ते कडू पाणी.

केळशीकर
पावसाळ्यात पावडर थोडी थोडीच मागवा आणि काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, आपल्या दमट हवेत पाकीट उघडं राहिलं की गुठळ्या होतात आणि वास उडून जातो.

आणि एक राहिलंच सगळ्यांकडून, रबराची रिंग. कुकरच्या रिंगसारखीच ती पण कधीतरी कडक होते आणि जोडातून वाफ निघायला लागते, बाकी भांडं कितीही चांगलं असलं तरी तेव्हा अडतं. एकाच कंपनीच्या स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या मॉडेलची रिंग सुद्धा वेगळ्या मापाची असते, नुसतं 3 कप म्हणून मागवली तर बसत नाही. त्यामुळे ज्या मॉडेलची रिंग आणि चाळणी सुटी मिळते तेच मॉडेल घ्या, मिळत नसेल तर भांडं कितीही छान दिसलं तरी सोडा. शक्यतो सिलिकॉनची बघा आणि भांड्याबरोबरच दोन जादा मागवून ठेवा, वेंगुर्ल्यात ऐनवेळी मिळायची नाही.

उभादांडा
हे बरं सांगितलंत दादा. जे बघत होते त्याच्या पानावर रिंग सुटी दिसतच नाहीये. दुसरं शोधते, 304, 3 कप, रिंग मिळणारं. मिळालं की इथे नाव टाकते.