विरळ हवेत केशवाहिन्या पाझरतात, त्या दाबामुळे की अस्तर सैल झाल्यामुळे?

धागालेखक, कोल्हापूर

उन्हाळा आला की कोल्हापुरातून लेहला निघणाऱ्यांची गर्दी वाढते. ‘रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारतो, तालमीत जोर-बैठका काढतो, मला काय होणार?’ हा भरवसा त्यांच्यापैकी अनेकांच्या बोलण्यात असतो. तो मला धोकादायक वाटतो, कारण उंचीवर फुप्फुसात पाणी साचण्याचा आजार होऊ शकतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातील लहान धमन्या आकसतात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये दाखवले. काहींच्या बाबतीत हे आकसणे सर्वत्र सारखे होत नाही. ज्या भागातील धमन्या मोकळ्या राहतात तेथे रक्ताचा लोंढा वळतो, तेथील केशवाहिन्यांवरचा दाब चढतो आणि पाण्यामागोमाग अल्ब्युमिनसारखी प्रथिनेही वायुकोशांत उतरतात. कमावलेले शरीर हे आकसणे थांबवू शकत नाही. म्हणून माझ्या मते या आजाराचे मूळ दाबातच आहे.

प्रतिसाद १

सर, तालमीबद्दलचे आपले म्हणणे मान्य, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. हृदय दुर्बळ होऊन फुप्फुसात पाणी होते तेव्हा कारण दाबच असतो आणि त्या पाण्यात प्रथिने तुलनेने कमी असतात. उंचीवरच्या आजारात मात्र ती भरपूर सापडतात, म्हणजे केशवाहिन्यांची भिंतच बिघडलेली असली पाहिजे. शिवाय प्रयोगशाळेत कमी प्राणवायूत वाढवलेल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींमधील सांधे सैल होतात, आणि दाह व सूज उतरवणारे डेक्सामेथासोन हे औषधही या आजाराला आळा घालते. हे सगळे दाबाने कसे समजावणार?

धागालेखक

प्रथिनांचा मुद्दा वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर आल्प्समधील माँटे रोझा पर्वतावरील ४,५५९ मीटरच्या निवाऱ्यातील अभ्यासात मिळते, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराच्या अगदी सुरुवातीला रुग्णांचे वायुकोश धुऊन तपासले, तेव्हा त्या पाण्यात प्रथिने आणि तांबड्या पेशी खूप होत्या, पण दाहाच्या खुणा वाढलेल्या नव्हत्या. दाब पुरेसा चढला की पातळ भिंत स्वतःच फाकते आणि प्रथिनांना वाट मिळते. दाह नंतर येतो. धमन्या सैल करणारे निफेडिपीन हे औषध हा आजार टाळू शकते, हे १९९१ मध्येच दिसले होते. डेक्सामेथासोनच्या २००६ मधील चाचणीत तर फुप्फुस धमनीतील दाबही उतरला होता, त्यामुळे तो दाखला आपल्या बाजूचा राहत नाही.

प्रतिसाद २, वैद्यकीय शिक्षिका

फुप्फुसापुरते धागालेखकांचे म्हणणे मला पटते. मेंदूला मात्र तेच माप लावू नये. तेथे प्राणवायू घटल्यावर वाहिन्या आकसत नाहीत, उलट रुंदावतात. उंचीवरील मेंदूसुजेच्या रुग्णांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एमआरआय चित्रे पांढऱ्या द्रव्यात वाहिन्यांतून पाझरलेले पाणी दाखवतात, आणि या पाझरण्यात भिंतीच्या सैलपणाचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

प्रतिसाद १

मॅडम, मेंदूबाबत आपण म्हणता ते माझ्या मताला जवळचे आहे. पण फुप्फुसात पाणी झाल्यावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या द्याव्यात का?

प्रतिसाद २, वैद्यकीय शिक्षिका

नाही. या रुग्णाच्या अंगात पाणी जास्त झालेले नसते, बहुधा ते कमीच असते. दाब चढतो तो आकसलेल्या धमन्यांमुळे. प्राणवायू देणे आणि ताबडतोब खाली उतरवणे या दोन्हींनी तेच आकसणे सुटते.