रेट्रो मिनी बूमबॉक्स ब्लूटूथ स्पीकर: चंदेरी ठेवू की लाल?

प्रश्न

बाबांसाठी लहानसा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा आहे. तो जुन्या टेपरेकॉर्डरसारखा दिसला पाहिजे, ही त्यांची एकच अट. तरुणपणी त्यांच्याकडे टू-इन-वन होता आणि त्याच्याबद्दल ते अजूनही भरभरून बोलतात. दोन स्पीकर घरी आणून ठेवलेत. एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण अगदी हीच खोकी वेगवेगळ्या नावांनी विकायला असलेली दिसली.

चंदेरी: दोन गोल जाळ्या, आत ४० मिलिमीटरचे दोन स्पीकर. आवाजाला फिरवायचं बटण, रेडिओ-ब्लूटूथ-कार्ड बदलायला वर सरकता खटका, बाहेर ओढायची एरियल. मागचं झाकण उघडलं की जुन्या नोकिया फोनमध्ये असायची तशी बीएल-५सी बॅटरी, १००० एमएएच. खोक्यावर '५ वॅट + ५ वॅट' आणि '६ तास'.

लाल: दिसायला फारच देखणा. दोन जाळ्यांच्या मधे कॅसेटची खिडकी, तिच्यात गाण्याबरोबर हलणारे दिवे. आत ५२ मिलिमीटरचा स्पीकर आणि मागच्या बाजूला 'पॅसिव्ह रेडिएटर'. बॅटरी २००० एमएएच, पण आत बंद. खोक्यावर '२० वॅट' आणि '१० तास'. बटणं मागे, बारीक, एकसारखी. थोडं दाबलं की पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज वाढतो. रेडिओ आहे, एरियल नाही.

लाल जास्त भारदस्त वाजतो, हे मलाही कळतं. पण बाबा सकाळी रेडिओवर बातम्या ऐकतात, आणि दुपारी त्यांच्या जुन्या कॅसेटवरून मी एमपीथ्री करून दिलेली गाणी. नजर आता थोडी अधू झाली आहे. २० वॅट आणि १० वॅट हा फरक खरंच दुप्पट आहे का? आणि दोन स्पीकर असलेला चंदेरी 'स्टिरिओ' म्हणून वरचढ ठरतो का?

प्रतिसाद १

लालमध्ये दोन्ही जाळ्यांमागे स्पीकर आहेत का, ते आधी तपासा. गाणं लावून एकेका जाळीवर तळहात घट्ट ठेवा. एक झाकल्यावर आवाज पार दबला आणि दुसरी झाकल्यावर काहीच फरक पडला नाही, तर दुसरी जाळी फक्त शोभेची आहे. अशा खोक्यांत हे बऱ्याचदा असतं.

शिवाय लालची पाठ भिंतीला टेकवून ऐकू नका. पॅसिव्ह रेडिएटर मागे असेल तर त्याला हलायला जागा लागते.

प्रतिसाद २

मी लहान स्पीकर आणि रेडिओ दुरुस्त करतो. रोज उघडून बघतो, त्यामुळे आत काय असतं ते सांगू शकतो. तुमच्या वापराला माझं मत स्पष्ट आहे: चंदेरी ठेवा. का, ते सविस्तर लिहितो, कारण हा हिशेब एकदा कळला की पुढचं कुठलंही खोकं तुम्हाला स्वतःच वाचता येईल.

आधी वॅट. लालची बॅटरी २००० एमएएच, लिथियम सेलचा व्होल्टेज ३.७. म्हणजे तिच्यात साठलेली ऊर्जा ७.४ वॅट-तास. स्पीकर खरोखर २० वॅटने वाजत राहिला तर बॅटरी बावीस मिनिटांत संपेल. खोक्यावर मात्र १० तास लिहिलंय. दहा तास चालायचं तर सरासरी पाऊण वॅटच्या आत वाजायला हवा. म्हणजे हे दोन्ही आकडे एका वेळी खरे असूच शकत नाहीत. यातला तासांचा आकडा मध्यम आवाजाला बराचसा खरा असतो. वॅटचा आकडा सोडून द्या. चंदेरीचंही तेच. व्होल्टेज वाढवणारं सर्किट आत नसेल तर पूर्ण चार्ज झालेल्या एका सेलवर, म्हणजे ४.२ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे सव्वादोन वॅटच्या आसपास मिळतात. त्यापुढे आवाज फाटतो. आणि समजा एकात खरेच २० आणि दुसऱ्यात खरेच १० वॅट असते, तरी फरक ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

आता लाल भारदस्त का वाजतो? स्पीकर मोठा आहे म्हणून, असं वाटेल. पण ४० मिलिमीटरचे दोन पडदे मिळून जेवढं क्षेत्रफळ होतं, ते ५२ मिलिमीटरच्या एका पडद्यापेक्षा जास्तच भरतं. करामत त्या पॅसिव्ह रेडिएटरची आहे. त्याला वायर नसते, लोहचुंबक नसतो. वजन लावलेला नुसता पडदा. पुढचा स्पीकर हलला की बंद डब्यातली हवा दाबली जाते आणि ती या पडद्याला हलवते. त्याचं वजन अशा बेताने ठरवलेलं असतं की जिथे लहान स्पीकर हात टेकतो, त्या खालच्या सुरांना तो साथ देतो. हॅरी ओल्सन यांना याचं पेटंट १९३५ साली मिळालं, इतकी ही जुनी आणि चोख कल्पना आहे. खालच्या सुरांना मदत लागतेच, कारण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. चिमुकल्या पडद्याला ते झेपत नाही.

पण बातम्यांमध्ये हे खालचं अंग कामाचं नाही. शब्द स्पष्ट कळतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांचा भार साधारण १००० ते ४००० हर्ट्झमध्ये असतो. तिथे चंदेरीचे लहान पडदे मोकळे वाजतात. खालचं अंग फुगवलेल्या स्पीकरवर निवेदकाचा आवाज घुमतो आणि वयस्कर माणूस आवाज वाढवत राहतो. त्याने घुमणंही वाढतं, शब्द तिथेच राहतात. गाण्यांसाठी चंदेरी अगदीच कोरडा वाटेल अशी भीती नको. मूळ खालचा सूर वाजला नाही तरी त्याचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू तो सूर भरून काढतो. डग्ग्याचा घुमारा लालवर जास्त जाणवेल, हे मात्र खरं.

स्टिरिओबद्दल फार आशा ठेवू नका. चंदेरीच्या दोन पडद्यांत १४ सेंटिमीटर अंतर धरलं, तर एक मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी जेमतेम आठ अंशांचा कोन होतो. नीट स्टिरिओसाठी तो साठ अंशांच्या आसपास धरतात. समोर जवळ ठेवून ऐकलं तर थोडी रुंदी जाणवते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही. तेव्हा त्यावर निर्णय घेऊ नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बटण. नजर अधू असलेल्या माणसाला हाताने कळणारी वस्तू द्यावी. सरकता खटका बोटाला सांगतो की आपण रेडिओवर आहोत की कार्डवर. लालच्या मागची एकसारखी बटणं, त्यात थोडं दाबणं आणि दाबून धरणं यांची कामं वेगळी, हे चांगल्या नजरेच्या माणसालाही त्रासाचं आहे. चंदेरीचं आवाजाचं बटण दोन्ही टोकांना अडतं की गोल गोल फिरतच राहतं? अडत असेल तर आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर आहे. चालू करण्याआधीच आवाज कमी करून ठेवता येतो, हा मोठा फायदा. धुळीने काही वर्षांनी खरखर येईल, पण ती साफ करता येते.

रेडिओला एरियल हवीच. एफएमच्या मधोमध, १०० मेगाहर्ट्झवर, लहरीची लांबी ३ मीटर असते. तिचा चौथा भाग, म्हणजे ७५ सेंटिमीटर, ही एरियलची उत्तम लांबी. चंदेरीची त्याहून आखूड असेल, तरी ती आहे, वळवता येते. एरियल नसलेली खोकी बहुतेक वेळा चार्जिंगच्या किंवा ऑक्सच्या (हेडफोनसारखी पिन असलेल्या) वायरलाच एरियल मानतात. म्हणजे बातम्या ऐकायला वायर लटकवत बसायचं, आणि चार्जर जोडलेला असेल तर त्याची खरखर आत शिरायची.

आणि बॅटरी. लिथियम सेल काही वर्षांनी उतरतो, हा त्याचा धर्म आहे. चंदेरीचा सेल तुम्ही नखाने झाकण उघडून बदलाल. लालचा बदलायला माझ्यासारख्याकडे यावं लागेल, आणि चिकटवलेला डबा उघडताना रेडिएटरची रबरी कड फाटली तर तो भारदस्त आवाजही गेला.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटतं, तरी लालच्या बाजूने बोलायला हवं. माझ्याकडे अशाच बांधणीचे दोन आहेत. टीडब्ल्यूएसने, म्हणजे दोन स्पीकर वायरशिवाय एकमेकांना जोडायच्या सोयीने, जोडले की एक डावा, एक उजवा होतो. दीड मीटर अंतरावर ठेवून तेवढ्याच अंतरावर समोर बसलं की गायक मधोमध उभा राहतो आणि वाद्यं बाजूला पसरतात. एका लहान खोक्यातून हे कधीच मिळत नाही. मात्र टीडब्ल्यूएसला दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात, आणि जोडल्यावर रेडिओ आणि कार्ड दोन्हींवर वाजेल याची खात्री नसते. आधी बघून घ्या.

दिसण्यालाही मी कमी लेखणार नाही. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे मूठवाले रेकॉर्डर घराघरांत पोचले. ती मूठ, ते दोन डोळे, मधली खिडकी बघूनच मन प्रसन्न होतं, आणि रोज समोर असणारी वस्तू आवडती असावी. तुमच्या बाबांना खिडकीत कॅसेट घालायचा मोह होईल, तेव्हा आधीच सांगून ठेवा: खरी कॅसेट दहा सेंटिमीटर रुंद असते, या खिडकीत ती मावतही नाही.

मुख्य वापर फोनवरून गाणी हा असता, तर मी डोळे मिटून लाल सांगितला असता. आणखी एक: टीव्हीला जोडायचा विचार असेल तर दोन्हींवर ओठ आणि आवाज यांत फरक पडू शकतो. ब्लूटूथवरून आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. फोनवर व्हिडिओ दाखवणारी बरीच अ‍ॅप ते सांभाळून घेतात, टीव्ही प्रत्येक वेळी नाही. चंदेरीला ऑक्सची वायर लागत असेल तर टीव्हीला तीच जोडा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार, सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. तळहाताची चाचणी केली. लालची उजवी जाळी शोभेचीच निघाली. चंदेरीच्या दोन्ही वाजतात. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज पूर्ण डावीकडे नेला, तर एकच बाजू वाजली, म्हणजे डावा-उजवा खरंच वेगळे आहेत. बटण दोन्ही टोकांना अडतं.

मग मॉडेलबद्दल काही न सांगता दोन्ही बाबांच्या हातात दिले. त्यांनी लाल बराच वेळ कौतुकाने न्याहाळला, दिवे बघितले, आणि रेडिओ लावायला चंदेरी उचलला. डोळे मिटून खटका सरकवून दाखवला. गाण्यांना लालवर जास्त भरीवपणा आहे, हे त्यांनीच सांगितलं. पण बातम्यांचे शब्द त्यांना चंदेरीवर कमी आवाजात कळले. मी पलीकडच्या खोलीत उभी राहून ऐकलं, तिथेही चंदेरीचे शब्द सुटे येत होते.

चंदेरी ठेवतेय. दोन अडचणी आहेत. फोनच्या चार्जरला दोन्ही टोकांना यूएसबी-सी पिन असलेली वायर लावली तर तो चार्जच होत नाही, दिवाही लागत नाही. आणि कार्डावरची गाणी मी नावात ०१, ०२ घालून क्रमाने ठेवलीत, तरी तो भलत्याच क्रमाने वाजवतो. परत करण्याची मुदत संपण्याआधी विचारते: हा नग बिघडलेला आहे का?

प्रतिसाद २ कडून

नग चांगला आहे. यूएसबी-सीच्या नियमाप्रमाणे वीज घेणाऱ्या वस्तूत ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर हवेत. त्यांच्यावरून चार्जरला कळतं की पलीकडे कुणीतरी आहे. स्वस्त खोक्यांत ते वगळतात, मग सी-ते-सी वायरवर चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनं चौकोनी ए आणि दुसऱ्या टोकाला सी असलेली वायर वापरा, लगेच चार्ज होईल. ती वायर स्पीकरजवळच ठेवा, म्हणजे बाबांना शोधावी लागणार नाही.

गाण्यांचा क्रम: असे प्लेअर बहुतेक वेळा नाव बघत नाहीत, कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. कार्ड ३२ जीबी किंवा कमी घ्या, एफएटी३२मध्ये (फॉरमॅट करताना निवडायचा एक प्रकार) फॉरमॅट करा आणि गाणी एकदम न टाकता हव्या त्या क्रमाने एकेक कॉपी करा. फॉरमॅट करण्याआधी सगळी गाणी संगणकावर काढून ठेवा. बाबांच्या कॅसेटवरून पुन्हा उतरवायची वेळ येऊ नये. जमलं तर एक बीएल-५सी जास्तीची घेऊन अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा. लिथियम सेल अर्ध्या चार्जवर जास्त टिकतो.